अभिजात कादंबरीवर बेतलेली रहस्यकथा: पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

रहस्यकथा कशी वाचावी हे कुणी कुणाला शिकवत नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्या पिढीला कुणाचं मार्गदर्शन लागलं नव्हतं. पुस्तक उघडायचं, खून होईपर्यंत धीर धरायचा आणि मग जेवणाच्या हाका ऐकू न येऊ देता शेवट गाठायचा.

पण या प्रकारात एक पोटजात अशी आहे जिथे एवढ्यावर भागत नाही. लेखक शे-दोनशे वर्षांपूर्वीची नावाजलेली कादंबरी किंवा काव्य उचलतो, त्यातलीच माणसं, तेच घर किंवा तीच कल्पना घेतो आणि मधोमध एक प्रेत आणून ठेवतो. बेतलेल्या कलाकृती आपल्याला नव्या नाहीत. 'ऑथेल्लो'वरून देवलांनी 'झुंझारराव' केलं त्याला शंभराहून अधिक वर्षं होऊन गेली. तरी आमच्या बडोद्यातल्या वाचनगटात नवीन येणाऱ्याने असं पुस्तक घेतलं की दोनपैकी एक तक्रार ठरलेली. पहिली: "मूळ वाचलेलं नाही, त्यामुळे कोण कुणाचं कोण हेच कळेना." दुसरी: "मूळ इतकं सुंदर, त्यात हा खून कशाला घुसवला?" पहिल्या माणसाला वाटतं की आपली तयारी कमी पडली. दुसऱ्याला वाटतं की आपली तयारी पूर्ण आहे. माझा अनुभव असा की फसायची पाळी आली की दुसरा आधी फसतो. का, ते सहाव्या पायरीवर सांगते. आधी सुरुवातीपासून.

१. पहिली जोडी नीट निवडा

इथे पुस्तक एकटं निवडायचं नसतं, जोडी निवडायची असते: मूळ आणि त्यावरचं नवं. नवशिक्यांना मी एकच जोडी सुचवते. मूळ, जेन ऑस्टिनची १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. नवं, पी. डी. जेम्स यांची २०११ सालची 'डेथ कम्स टू पेम्बर्ली'.

ही जोडी का? एक तर मूळ कादंबरी लग्नाळू मुलींच्या घराची आहे, आणि स्थळं, हुंडा, मालमत्तेचा वारस, शेजारणींची टिप्पणी हे सगळं मराठी वाचकाला समजावून द्यावं लागत नाही. पाच मुलींची आई गावात नवा श्रीमंत मुलगा राहायला आल्याचं ऐकते आणि तिच्या जिवाची घालमेल सुरू होते, इथून गोष्ट निघते. दुसरं म्हणजे नवं पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा हात. जेम्स यांनी आधी रुग्णालयांच्या प्रशासनात आणि नंतर ब्रिटिश गृहखात्यात नोकरी केली. पोलीस आणि फौजदारी कायद्याचा कारभार त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूने बघितला होता. हे पुस्तक आलं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती, आणि तीच त्यांची शेवटची कादंबरी ठरली. गुन्हा कसा घडतो याइतकंच तो कागदावर कसा चढतो याचंही त्यांना भान आहे.

गोष्टीची सुरुवात सांगितली तर काही बिघडत नाही, कारण ती पुस्तकाच्या मागच्या कव्हरावर असतेच. मूळ कादंबरीचे नायक-नायिका डार्सी आणि एलिझाबेथ यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. साल १८०३, महिना ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी पेम्बर्लीत, म्हणजे डार्सीच्या वाड्यात, मोठा नृत्यसमारंभ आहे. रात्री वारा सुटलेला असताना एक घोडागाडी भरधाव येते आणि एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया किंचाळत खाली उतरते: माझ्या नवऱ्याचा खून झाला! पुरुषमंडळी कंदील घेऊन रानात जातात. तिथे मेलेला असतो नवऱ्याचा मित्र कॅप्टन डेनी, आणि नवरा, म्हणजे विकम, रक्ताने माखून त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसलेला असतो.

बाकीच्या जोड्या शेवटच्या पायरीवर दिल्या आहेत. त्यांना आत्ता हात लावू नका.

२. काय काय लागेल

यादी छोटी आहे:

• मूळ पुस्तक. ऑस्टिनवर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून कायदेशीर आणि फुकट उतरवून घेता येतं.
• नवं पुस्तक. हे मात्र विकत किंवा वाचनालयातून. चोरटी पीडीएफ घेऊ नका. नीतीचा मुद्दा आहेच, शिवाय अशा फायलींत पानं गाळलेली किंवा उलटसुलट लागलेली असतात, आणि रहस्यकथेत एक पान गेलं तरी पुस्तक गेलं.
• एक शंभर पानी वही आणि पेन्सिल.
• वाचनालयाचं सभासदत्व नसेल तर फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. नियम आणि वेळा बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

बडोद्यात असाल तर पहिली फेरी मांडवीच्या बाजूला सेंट्रल लायब्ररीत मारा. सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावून घेतलं आणि संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, त्या खटाटोपातली ही लायब्ररी. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून केलेली काचेची जमीन एकदा बघाच, पुस्तक मिळो न मिळो. विद्यापीठात कुणी शिकत असेल तर हंसा मेहता लायब्ररीत इंग्रजी वाङ्मयाचा साठा मोठा आहे. पुतण्या, भाची, शेजारचा मुलगा, कुणालाही कामाला लावा.

जुन्या बाजारातून प्रत घेणार असाल तर एक काम तिथेच उभ्या उभ्या करायचं: शेवटच्या वीस पानांचे फक्त आकडे तपासायचे. नजर पानाच्या कोपऱ्यावर ठेवायची, मजकुरावर नाही. जुन्या प्रतीतून पहिली सुटतात ती शेवटची पानं.

३. मूळ पुस्तक किती वाचायचं

सगळं वाचलंत तर उत्तम. ६१ प्रकरणं आहेत, पण बरीचशी छोटी आहेत. ऑस्टिनची वाक्यं लांब असतात आणि टोमणा शेवटच्या चार शब्दांत असतो. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि ऑफिसात इंग्रजी अशा आपल्या बडोदेकर कानाला ती सुरुवातीला जड जातात. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने वाचणं, किंवा लिब्रिवॉक्सवर फुकट मिळणारं वाचन ऐकत पुस्तकात डोळे ठेवणं. दहाएक प्रकरणांनंतर कान सरावतो.

ज्यांना खरोखरच वेळ नाही त्यांनी पुढची प्रकरणं तरी चुकवू नयेत:

• १ ते ३: घर, आई-वडील, पहिला नृत्यसमारंभ, डार्सीचा शिष्टपणा.
• १५ आणि १६: विकमचा प्रवेश आणि त्याने एलिझाबेथला सांगितलेली कर्मकहाणी.
• ३४ आणि ३५: डार्सीची पहिली मागणी, तिचा नकार आणि दुसऱ्या दिवशीचं त्याचं लांबलचक पत्र.
• ४३: पेम्बर्लीचं पहिलं दर्शन.
• ४६ ते ५२: लिडिया विकमबरोबर पळून जाते आणि ते प्रकरण पैसे ओतून कसं निस्तरलं जातं.
• ५८: दुसरी मागणी.

पंधराव्या प्रकरणात एक क्षण थांबा. विकम गावात पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याची ओळख करून देणारा एक अधिकारी आहे. मुलींच्या ओळखीचा, दोन-चार ओळींचा धनी. त्याचं नाव डेनी. दोनशे वर्षांनी जेम्सबाईंनी रानात मारून टाकला तो हाच. ऑस्टिनने ज्याला नीट चेहराही दिला नाही अशा माणसाला प्रेत म्हणून निवडण्यात मोठी अक्कल आहे. वाचकाला त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच माहीत नाही, त्यामुळे त्याच्या आयुष्यात वाटेल ते दडलेलं असू शकतं.

मराठी सारांश वाचून भागेल का, असं हमखास विचारतात. नाही भागणार. सारांशात विकम लबाड आहे हे पहिल्याच परिच्छेदात कळतं. मूळात ते कळायला ३५ प्रकरणं जातात, आणि तोवर आपणही एलिझाबेथसारखे त्याच्यावर भाळलेले असतो. ते भाळणं अनुभवलं नसेल तर नव्या पुस्तकातली अर्धी गंमत गेली.

४. नात्यांचा तक्ता करा

वहीचं पहिलं पान यासाठी. इंग्रजी नावांची गर्दी झाली की मराठी वाचक गोंधळतो, कारण त्यांच्याकडे सगळे 'मिस्टर' आणि 'मिसेस'. आपल्या नात्यांत मांडलं की पाच मिनिटांत उलगडा होतो:

• डार्सी, बिंगली आणि विकम हे तिघे साडू. जेन बिंगलीची बायको, एलिझाबेथ डार्सीची, लिडिया विकमची.
• जॉर्जियाना डार्सीची सख्खी बहीण, म्हणजे एलिझाबेथची नणंद. लहान वयात विकमने तिला फूस लावून पळवायचा घाट घातला होता. (३५व्या प्रकरणातलं पत्र.)
• लेडी कॅथरीन डार्सीची मावशी.
• कर्नल फिट्झविल्यम डार्सीचा मामेभाऊ.
• गार्डिनर हे एलिझाबेथचे मामा-मामी. लंडनमध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटला राहणारे आणि अडीअडचणीला धावून येणारे.
• कॉलिन्स हा एलिझाबेथच्या वडिलांचा, म्हणजे बेनेटांचा, भाऊबंद. मुलगा नसल्यामुळे घर त्याच्याकडे जाणार.

एवढं लिहिलं की गोष्टीतली कोंडी डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या माणसाला डार्सीने घराच्या उंबऱ्याशी उभं करायचं नाही असं ठरवलेलं आहे, तो त्याचा साडू आहे. खुनाच्या आरोपात तो फासावर गेला तर बदनामी डार्सीच्या घराची, सुटला तर आयुष्यभराची ब्याद. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या घराला हा पेच सांगून बघा, पुढचं तेच सांगतील.

नवी माणसंही आहेत. त्यातला हेन्री आल्व्हस्टन हा तरुण वकील लक्षात ठेवा. कायद्याची माहिती बरीचशी त्याच्या तोंडून येते.

५. त्या काळचा कायदा, थोडक्यात

इथे बरेचजण पुस्तक खाली ठेवतात. "पोलीस कुठे आहेत? पंचनामा कोण करतंय?" असं वाटत राहतं. १८०३ च्या इंग्लंडात आपल्या ओळखीचं पोलीसदल नव्हतंच. लंडनचं महानगर पोलीसदल १८२९ मध्ये उभं राहिलं. गावाकडे कायदा सांभाळायचे ते मॅजिस्ट्रेट, आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे तिथलेच जमीनदार. डार्सी स्वतः मॅजिस्ट्रेट आहे. पण खून त्याच्या रानात, संशयित त्याचा साडू, तेव्हा त्याला रातोरात शेजारच्या मॅजिस्ट्रेटच्या, सर सेल्विन हार्डकॅसलच्या, दारात जावं लागतं. या दोन घराण्यांत प्रेम उतू जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

त्यानंतर दोन टप्पे. पहिला, कॉरोनरची चौकशी: मृत्यू कसा आला हे ठरवायला गावातलेच ज्युरी बसतात. दुसरा, खटला: तो लंडनला ओल्ड बेलीच्या न्यायालयात. ज्युरी हा प्रकार आपल्याला नानावटी खटल्यामुळे ऐकून माहीत आहे, तेव्हा ते समजावत नाही. पण दोन गोष्टी माहीत नसतील तर खटल्याचा ताण जाणवत नाही. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करायची परवानगी नव्हती, ती १८३६ मध्ये मिळाली. आणि शिक्षेवर अपील ऐकणारं फौजदारी न्यायालय १९०७ पर्यंत नव्हतं. म्हणजे ज्युरीने 'दोषी' म्हटलं की पुढे फास.

तपासाची साधनंही नाहीत. बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये निघालं, तेही आपल्या कलकत्त्यात. रक्तगट कळले १९०१ मध्ये. अंगावरचं रक्त कुणाचं हे सांगायला १८०३ मध्ये कुणीच नव्हतं. त्यामुळे या पुस्तकात पुरावा म्हणजे माणसांचं बोलणं: कोण काय म्हणालं, कोणत्या शब्दांत म्हणालं आणि काय म्हणायचं टाळलं.

खटल्याचे भाग रटाळ वाटतात असं म्हणणाऱ्या बडोदेकरांना मी आपल्याच गावचा खटला आठवून देते. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्यातले इंग्रज सरकारचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचा घोट घेतला आणि त्यात विष असल्याचा आरोप झाला. संशय थेट तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. पुढल्या वर्षी सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावाला विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आणले. मतं तीन विरुद्ध तीन पडली. तरी महाराज पदच्युत झाले ते झालेच, आणि त्या रिकाम्या गादीवर कवळाण्याहून आलेला मुलगा दत्तक बसला. ज्यांच्या लायब्ररीतून तुम्ही पुस्तक आणणार आहात तेच हे सयाजीराव. साक्षी, उलटतपासण्या आणि बाहेरचं राजकारण यांनी भरलेला तो खटला ज्याला रटाळ वाटत नाही, त्याला ओल्ड बेलीही वाटणार नाही.

जाता जाता: पेम्बर्लीत नृत्यसमारंभाची चांदी घासून ठेवली जात होती त्याच्या काहीच आठवडे आधी, सप्टेंबर १८०३ मध्ये, इकडे असईची लढाई झाली होती. पुस्तकात याचा मागमूस नाही. तरी ती तारीख वाचताना माझं मन प्रत्येक वेळी असईच्या रणात जातं.

६. वही कशी लिहायची

ही पायरी महत्त्वाची, म्हणून सावकाश.

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'मूळात', उजवीकडे 'इथे'. नव्या पुस्तकात कुणी ओळखीचं माणूस आलं की डावीकडे त्याच्याबद्दल मूळात जे घडलं ते आणि उजवीकडे इथे प्रत्यक्ष जे दिसलं ते. ऐकीव असेल तर पुढे 'ऐ' लिहायचं, दिसलेलं असेल तर 'दि'.

सराव सुरुवातीच्या प्रकरणावर करा. जेम्स यांनी तिथे मूळ कादंबरीची उजळणी दिली आहे, आणि नवा वाचक ती 'मागील भागात काय घडलं' समजून भराभर वाचून टाकतो. नीट वाचा. ही उजळणी बरीचशी मेरिटन गावातल्या बायकांच्या नजरेतून केलेली आहे. त्यांचं मत असं की एलिझाबेथने डार्सीला पहिल्या भेटीपासून गटवायचं ठरवलं होतं. आपण मूळ वाचलेलं आहे, तेव्हा हे सपशेल खोटं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. आमच्या गटातल्या एका काकूंच्या वहीत त्या पानावर उजवीकडे एवढंच लिहिलेलं आहे: "कोण सांगतंय? शेजारणी. खरं? छे. (ऐ)". सगळ्या पुस्तकाचं मर्म त्या नोंदीत आलं. लेखिका पहिल्याच पानांत बजावते की लोकांना जे पक्कं ठाऊक असतं ते चूक असू शकतं. आपण हसतो आणि पुढच्या पानापासून विसरतो.

आता विकमकडे वळा. रानात तो प्रेतापाशी सापडतो तेव्हा ओरडत असतो की हा माझा एकुलता मित्र होता आणि मी त्याला मारलं. मूळ वाचलेल्या माणसांचे इथे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा पहिल्यापासून हरामखोर, यानेच केलं. दुसरा स्वतःला हुशार समजतो: इतकं उघड दाखवलंय म्हणजे याने केलेलं नाही. दोघांनीही निकाल दिला तो १८१३ च्या पुस्तकावरून. रानात काय घडलं याचा एकही धागा दोघांच्या वहीत नसतो. मूळ न वाचलेला माणूस त्या क्षणी विचारत असतो की गाडीतून हे दोघे उतरले का, कुठे उतरले, आवाज कुणी ऐकला. त्याचे प्रश्न बरोबर असतात.

म्हणून मी म्हटलं की तयारी पूर्ण झालेला वाचक लवकर फसतो. आपल्याला माणसं ओळखीची वाटतात आणि ओळखीच्या माणसाकडे आपण नीट बघत नाही. असली पुस्तकं लिहिणाऱ्यांचं सगळं भांडवल तेच असतं. त्यावर इलाज एकच: डावा रकाना भरताना हात सैल ठेवा, पण संशय घेताना फक्त उजव्या रकान्यातल्या 'दि' नोंदी वापरा.

वहीच्या मागच्या पानावर त्या रात्रीचं वेळापत्रक करा. कोण जेवणाच्या टेबलावर होतं, कोण बाहेर पडलं, कोण केव्हा परतलं, गाडी कुठून आली. घड्याळातला नेमका वेळ प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. 'जेवणानंतर', 'गाडीच्या आधी' असं लिहिलं तरी पुरतं. नोकरमाणसांना वेगळी ओळ द्या. मूळ कादंबरीत नोकर दिसतात न दिसतात असे होते. इथे त्यांना घरं आहेत, आजारपणं आहेत आणि तोंडंही आहेत.

७. सापळे

आधीच्या वाचकाची पेन्सिल. वाचनालयाच्या प्रतीत पात्राच्या नावाखाली रेघ आणि समासात "हाच तो" असं लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. पुस्तक घेताना दुसऱ्या कुणाला तरी चाळायला सांगा आणि असलं काही दिसलं तर खोडून घ्या.

मूळ कादंबरीची प्रस्तावना. अभिजात पुस्तकांच्या आवृत्त्यांत विद्वानांची प्रस्तावना असते आणि ती शेवटासकट सगळं सांगून मोकळी होते. नंतर वाचा.

मालिका. बीबीसीने २०१३ मध्ये या कादंबरीची तीन भागांची मालिका केली. बघायला छान आहे. पुस्तक संपल्यावर.

किंडल. इतरांनी अधोरेखित केलेल्या ओळी दाखवायची त्यात सोय असते. ती बंद करा, नाहीतर 'इथे काहीतरी आहे' हे लेखिकेच्या आधी यंत्रच सांगतं.

नावावरून शोध. एखादं पात्र आठवेना म्हणून मोबाइलवर नाव टाकलंत की पहिल्या ओळीत नवरा, दुसऱ्या ओळीत खुनी. नात्यांचा तक्ता त्याचसाठी केला आहे.

"ऑस्टिनने असं लिहिलं नसतं." अर्थात नसतं. जेम्सबाईंनी सुरुवातीच्या टिपणात ऑस्टिनच्या आत्म्याची माफीच मागून टाकली आहे, तिच्या लाडक्या एलिझाबेथला खुनाच्या तपासात ओढल्याबद्दल. लेखिकेने माफी मागितली, आता आपण तरी किती ताणायचं? मला स्वतःला यातली एलिझाबेथ जरा फिकी वाटते, तिची जीभ पूर्वीसारखी चालत नाही. पण डार्सीच्या मनात पहिल्यांदाच इतकं आत शिरायला मिळतं, ते मला आवडतं.

८. गटात वाचणार असाल तर

नवीन माणसाने एकट्यापेक्षा दोघा-तिघांत वाचावं असं माझं मत आहे. नियम मात्र आधी ठरवा. या कादंबरीचे सहा भाग आहेत, तेव्हा थांबे आयते मिळतात. पहिला थांबा दुसऱ्या भागाच्या शेवटी, दुसरा कॉरोनरची चौकशी संपल्यावर, तिसरा सगळं संपल्यावर. प्रत्येक थांब्यावर प्रत्येकाने चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि एक कारण लिहून पाकिटात टाकायचं. कारण 'उजव्या रकान्यातलं' असलं पाहिजे. "चेहऱ्यावरूनच वाटतं" चालत नाही, पुस्तकाला चेहरा नसतो.

पुढे वाचून आलेल्याने तोंडात हिरवा चिवडा धरून बसायचं. असा माणूस बोलत नसला तरी हसतो, आणि हसण्यावरून बाकीचे ओळखतात. त्याला चहा करायला स्वयंपाकघरात पाठवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर चर्चा नकोच. कुणीतरी एक जण रात्री दोनला पुस्तक संपवतो आणि सव्वादोनला "अरे देवा!!!" लिहितो.

९. पुढच्या जोड्या

पहिली जोडी पचली की ऑस्टिनच्याच 'एमा' आणि 'पर्स्वेजन' वाचून घ्या. त्या कादंबऱ्यांतल्या माणसांचे धागे पेम्बर्लीच्या गोष्टीत ओझरते गुंफलेले आहेत, दुसऱ्या वाचनात ते सापडतील. दुसरं वाचन मात्र कराच, या वेळी वही न घेता. शेवट माहीत असताना पहिले दोन भाग वाचले की लेखिकेने कुठे काय उघड्यावर ठेवलं होतं ते दिसतं.

मग मॅथ्यू पर्ल यांची २००३ सालची 'द दान्ते क्लब'. मूळ, दान्तेचा 'इन्फर्नो'. १८६५ चं बॉस्टन, लाँगफेलो आणि त्याचे कवी-प्राध्यापक मित्र दान्तेचं भाषांतर करत बसलेले, आणि गावात एकामागून एक खून पडतात ते दान्तेच्या नरकातल्या शिक्षांबरहुकूम. ज्या पुस्तकाची तेव्हा तिथे कुणाला फारशी ओळख नव्हती त्यातल्यासारखे खून करणारा ते वाचलेला असणार, म्हणजे संशयित मोजकेच. 'इन्फर्नो'चे ३४ सर्ग आहेत. पहिले पाच वाचून सुरुवात करा, पुढचे कादंबरी सांगेल तसे. लाँगफेलोचं स्वतःचं भाषांतर फुकट उपलब्ध आहे. एक सूचना: यातली वर्णनं किळसवाणी आहेत. जेवताना वाचू नका.

त्यानंतर उम्बेर्तो एको यांची १९८० सालची 'द नेम ऑफ द रोझ'. १३२७ सालचा इटलीतला मठ, तिथे मरणारे साधू, आणि तपास करणाऱ्या साधूचं नाव विल्यम ऑफ बास्करव्हिल. शेरलॉक होम्स वाचलेल्यांना आणखी काही सांगायला नको. हे पुस्तक अवघड आहे, पहिली शंभर पानं चढण आहे, आणि लॅटिन वाक्यं सरळ ओलांडून गेलात तरी अडत नाही. यासाठी वही दुप्पट जाडीची घ्या आणि मठाचा नकाशा पहिल्या दिवशीच काढून ठेवा.

आणि उत्तर मिळालं नाही तरी ज्यांची झोप उडत नाही अशांनी डिकन्सचं 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' घ्यावं. बारा मासिक हप्त्यांत ते यायचं होतं. १८७० मध्ये डिकन्स गेला तेव्हा सहा हप्त्यांपुरताच मजकूर तयार होता. एडविनचं काय झालं हे त्याने लिहून ठेवलं नाही. त्यानंतर अनेकांनी आपापला शेवट जोडून पाहिला आहे. ते वाचण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहा आणि खाली तारीख टाका.